यादीत नाव, माणूस भट्टीवर



राज्यशास्त्र शिकलेला माणूस दिसला की लोक हटकून एकच विचारतात, यंदा कोण येणार? आज पदवी हाती घेतलेल्या तुम्हालाही विचारतील. तुम्ही मात्र त्याच्या आधीचा प्रश्न धरून ठेवा. उभं कोण राहू शकलं, मत कोण देऊ शकलं, आणि कोणत्या नियमामुळे?

निवडणुकीचा असा मुळातून अभ्यास आपल्याकडे नवा नाही. पुणे विद्यापीठातले प्रा. सिरसीकर यांनी 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांच्या राजकीय वर्तनाचा अभ्यास केला, तेव्हा वृत्तवाहिन्या नव्हत्या. मतदाराला गृहीत न धरता त्यालाच जाऊन विचारायचं, ही शिस्त त्या पिढीने घालून दिली.

महापालिका प्रभागांच्या आरक्षणाची सोडत तुम्ही पाहिली असेल. इच्छुकांनी खच्चून भरलेलं सभागृह, टेबलावर चिठ्ठ्यांची पारदर्शक बरणी, आणि एक शाळकरी मूल त्यात हात घालतं. कुणाची पाच वर्षांची तयारी त्या एका चिठ्ठीत संपते. संशोधकाला मात्र ही सोडत फार मोलाची असते. कोणता प्रभाग राखीव होणार हे कुणाच्या मर्जीवर राहत नाही, म्हणून राखीव आणि खुल्या प्रभागांची तुलना प्रामाणिकपणे करता येते. रिखिल भावनानी या अभ्यासकाने मुंबई महापालिकेबाबत हेच केलं. 1997 साली महिलांसाठी राखीव असलेले काही प्रभाग 2002 मध्ये खुले झाले. तिथे बाई निवडून येण्याची शक्यता, 1997 मध्येही खुल्या असलेल्या प्रभागांपेक्षा सुमारे पाचपट निघाली. आरक्षण उठलं, पण त्यातून तयार झालेल्या काही जणी मैदानात टिकल्या. बाई जिंकू शकते, हे पक्षांनाही कळलं. पण पाचपट ऐकून हुरळून जाऊ नका. मूळ आकडा इतका लहान होता की पाचपट होऊनही खुल्या प्रभागांतल्या बहुतेक जागा पुरुषांकडेच राहिल्या. 2009 साली छापून आलेला भावनानींचा हा निबंध तुम्ही मुळातून वाचा.

आपल्या पनवेल तालुक्यातही अभ्यासाला विषय कमी नाहीत. पनवेल महापालिकेच्या 2017 च्या पहिल्या निवडणुकीत 20 प्रभागांतून 78 नगरसेवक निवडायचे होते, म्हणजे एकेका मतदाराला तीन-चार मतं. थेट मतदारांनी निवडलेला सरपंच 2017 ला आला, 2020 ला गेला, 2022 ला परत आला. गाव तेच, मतदार तेच, फक्त नियम बदलला. मग सरपंचपदावर माणसं बदलली का? हे गावोगाव तपासायला हवं.

याच तालुक्यातल्या नेऱ्यात शिकलेल्यांना आणखी एक गोष्ट दिसायला हवी. कुष्ठरोगामुळे घरादाराने दूर लोटलेल्यांना आसरा देणारं शांतिवन इथेच आहे. अशाच कुष्ठरुग्णांना ओडिशाच्या नगरपालिका कायद्यात निवडणूक लढवायला बंदी होती. औषधांनी हा रोग बरा होतो हे सिद्ध होऊन बराच काळ लोटला होता, तरी 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट वैध ठरवली. ती पुढे ठेवायची का, याचा कायदेमंडळाने विचार करावा, असंही न्यायालयाने सुचवलं. कायद्यातल्या अशा एखाद्या ओळीमुळे माणूस उमेदवारी अर्जापर्यंतही पोचत नाही. आपल्या राज्यातही 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालेल्याला ग्रामपंचायत लढवता येत नाही. या अटीने कुणाकुणाची वाट अडली, त्यात बाया किती, हे मोजायला हवं.

आणि आता माझी खरी मागणी. पाऊस सरला, दिवाळी झाली की तालुक्यातल्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. 15 जानेवारी 2021 ला राज्यभरातल्या हजारो ग्रामपंचायतींसाठी मतदान झालं, ते ऐन भट्टीच्या हंगामात. नाव यादीत आणि माणूस भट्टीवर! टक्केवारीच्या तक्त्यात असा माणूस सरळ उदासीन ठरतो. मला हे मान्य नाही, आणि तुम्हीही पुराव्याशिवाय मानू नका.

मतदार यादी घ्या आणि वाडीत जा. घाई करू नका, हंगाम संपून माणसं परतल्यावर जा. एकेका नावासमोर लिहा, मतदानाच्या दिवशी कुठे होता? यायला गाडीभाडं होतं का? मुकादमाने सोडलं का? खाडा धरून पैसे कापले का? हे लिहून झालं, की मतदानाची तारीख बदला अशी मागणी राज्य निवडणूक आयोगाकडे पुराव्यासह करता येईल. अहवाल विद्यापीठात द्यालच, पण त्याआधी तो वाडीत वाचून दाखवा आणि तिथली माणसं सांगतील त्या दुरुस्त्या करा.