परचक्र आणि रिकामी चूल



संकटांचे दोन प्रकार महाराष्ट्राला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत : अस्मानी आणि सुलतानी. पाऊस रुसला तर ती अस्मानी. पिकलेले धान्य राज्यकर्त्याने ओरबाडून नेले तर ती सुलतानी. दुसऱ्या महायुद्धात ग्रीसमध्ये जे घडले, ते सुलतानीचे आधुनिक रूप होते. या सुलतानीच्या हाती तलवारीबरोबर नोटा छापण्याचे यंत्रही होते.

२८ ऑक्टोबर १९४० रोजी मुसोलिनीच्या इटलीने ग्रीसवर आक्रमण केले. या चिमुकल्या राष्ट्राने इटालियन फौजांना अल्बानियात मागे रेटले. मात्र ६ एप्रिल १९४१ रोजी हिटलरचे सैन्य चालून आले आणि २७ एप्रिलला अथेन्स पडले. जर्मनी, इटली आणि बल्गेरिया यांनी देश वाटून घेतला. पूर्व मॅसिडोनिया आणि पश्चिम थ्रेस हे धान्य पिकवणारे प्रदेश बल्गेरियाकडे गेले. परदेशातून येणारा गहू ब्रिटिश नाकेबंदीमुळे थांबला. देशात जे उरले होते, त्यावर विजेत्या सैन्याने आधी हात टाकला.

१९४१-४२ च्या हिवाळ्यात अथेन्सच्या रस्त्यांवर माणसे भुकेने कोसळू लागली. लोक रानभाज्या खुडून दिवस काढू लागले. मृताचे रेशनकार्ड घरात राहावे म्हणून आप्तांनी मृत्यूची नोंदच टाळली आणि प्रेते रात्री गुपचूप स्मशानाबाहेर ठेवली. जैतुनाच्या तेलाच्या काही डब्यांसाठी राहती घरे विकली गेली. व्याप्तीच्या काळात उपासमारीने सुमारे तीन लाख माणसे मेली, असा अंदाज सामान्यतः दिला जातो.

या उपासमारीमागचे अर्थकारण समजून घेतले पाहिजे. १९०७ च्या हेग कराराने व्याप्त प्रदेशातून वसुली करण्यास मर्यादा घातली होती. ती त्या प्रदेशातील सैन्याच्या आणि प्रशासनाच्या गरजेपुरतीच असावी, असा दंडक होता. प्रत्यक्षात ‘व्याप्तीचा खर्च’ म्हणून प्रचंड रकमा ग्रीसच्या माथी मारण्यात आल्या. १९४२ मध्ये तेथील मध्यवर्ती बँकेकडून सक्तीचे कर्जही उकळण्यात आले. बँक नोटा छापत राहिली आणि परकी सैन्य त्याच नोटांनी बाजार उचलत राहिले. म्हणजे लुटीचे मोलही लुटल्या जाणाऱ्यानेच चुकवायचे! नोटा वाढल्या, माल आटला. कागदावर विश्वास न उरल्याने शेतकऱ्याने धान्य दडवले आणि काळाबाजार फोफावला. ज्याच्याकडे जमीन नव्हती, सोने नव्हते, केवळ महिन्याचा पगार होता, तो कारकून, शिक्षक, कामगार सर्वांत आधी भरडला गेला. एप्रिल १९४२ मध्ये अथेन्सच्या टपाल-तार कर्मचाऱ्यांनी परकीय संगिनींच्या छायेत संप पुकारला, तो याच पोटाच्या आगीतून.

मदतीचे हातही पुढे आले. तुर्कस्तानातून धान्य आणणारे ‘कुर्तुलुश’ हे जहाज जानेवारी १९४२ मध्ये मार्मारा समुद्रात बुडाले. तरी मदत थांबली नाही. आर्चबिशप दमास्किनोस यांच्या पुढाकाराने चर्चने अन्नछत्रे चालवली. अखेर ब्रिटनने नाकेबंदी शिथिल केली आणि १९४२ च्या उत्तरार्धात रेडक्रॉसमार्फत कॅनडाचा गहू नियमित येऊ लागला. भूक काहीशी आवरली, महागाई आवरली नाही. १२ ऑक्टोबर १९४४ रोजी अथेन्स मुक्त झाले, तेव्हा चलन मरणपंथाला लागले होते. पुढच्याच महिन्यात १०० अब्ज द्राख्माची नोट निघाली आणि ५० अब्ज जुन्या द्राख्मांच्या बदली एक नवा द्राख्मा देण्यात आला. जन्मभराची बचत अशी मातीमोल झाली.

याच युद्धकाळात, १९४३ मध्ये, बंगालही उपाशी मेला. तेथे शत्रूचे सैन्य शिरले नव्हते. पण सत्ता परकीच होती. युद्धखर्चासाठी नोटा छापल्या जात होत्या, जपानी चढाईच्या धास्तीने सरकारने नावा आणि तांदूळ काढून नेले होते आणि भाताचे भाव खेड्यातील मजुराच्या आवाक्याबाहेर गेले होते. बळींचा अंदाज वीस ते तीस लाखांचा आहे. दोन्ही देशांची परिस्थिती निराळी होती, पण धान्य कोणाला आधी मिळावे हे ठरवणारा दोन्हीकडे परकाच होता.

सैन्य सीमेवर हरते, तेव्हा पराभवाची बातमी एका दिवसात संपते. त्याची किंमत मात्र वर्षानुवर्षे घराघरातील चुलीला मोजावी लागते. म्हणून राष्ट्राच्या संरक्षणाचा विचार करताना शस्त्रागाराबरोबर धान्याचे कोठार आणि स्वतःच्या चलनावरील स्वतःचा अधिकार यांचाही विचार करावा लागतो.