गाडीची चाल कशी ओळखावी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणाला मोटारीच्या चाकांचा विषय ठेवला आहे हे ऐकून काहीजणींना हसू आले असेल. पण आपल्यापैकी कितीजणी स्वतः गाडी चालवतात हे बाहेर उभ्या असलेल्या वाहनांवरूनच दिसते. गाडी आपण चालवावी, तिच्यात नातवंडांना बसवावे, आणि गॅरेजात बोलणे मात्र मिस्त्री आणि यजमान यांच्यात व्हावे, आपण बाकावर बसून राहावे, असे अजूनही पुष्कळ घरांत चालते. ते बोलणे आपल्याला कळावे एवढाच माझा आजचा हेतू आहे. हातात पाना घ्यावा असे मी म्हणत नाही.

चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधल्या जोडणीला सस्पेन्शन म्हणतात. तिच्यात मुख्य गडी दोन. एक स्प्रिंग आणि दुसरा शॉकअब्सॉर्बर. गॅरेजात त्याला शॉकअप म्हणतात. पुष्कळजणी दोन्ही एकच समजतात, पण त्यांची कामे निराळी आहेत. गाडीचे वजन पेलते ती स्प्रिंग. खड्डा आला की ती दबते आणि पुन्हा उसळते. आता घरचा झोपाळा आठवा. त्याला एकदा झोका दिला की तो कितीतरी वेळ मागेपुढे होत राहतो. थांबवायचा तर पाय जमिनीला टेकवावा लागतो. शॉकअप म्हणजे तो टेकवलेला पाय. त्याच्या नळकांड्यात तेल असते आणि दट्ट्याला बारीक भोके असतात. दट्ट्या हलला की तेलाला त्या भोकांतून जाताना कष्ट पडतात, आणि त्या कष्टांतच उसळी जिरते.

जुन्या अ‍ॅम्बॅसेडरला आणि पद्मिनीला मागच्या बाजूस पोलादी पाटे असत. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिच्या पुढच्या प्रत्येक चाकाला स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या जुळणीत बसवलेले होते. या रचनेला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनियरचे हे नाव. आज आपल्याकडील बहुतेक लहान गाड्यांची पुढची चाके अशीच असतात.

शॉकअप थकला तर गाडी फक्त हिंदकळते, एवढेच नुकसान आहे असे समजू नका. हिंदकळणारे चाक क्षणभर रस्ता सोडते, आणि रस्त्याला न टेकलेल्या चाकाला ब्रेक लावून उपयोग काय? पावसाळ्यात खंबाटकीसारखा घाट उतरताना, पुढे ट्रक आणि मागे एस.टी. असताना, गाडी चार हात अलीकडे थांबते की पलीकडे, यावरच सगळे अवलंबून असते.

घरच्या घरी, साडीला डाग न लावता, तीन गोष्टी पाहता येतात. पहिली म्हणजे ओल. चाकाआड वाकून शॉकअपच्या नळकांड्याकडे बॅटरीचा उजेड टाका. ते कोरडे असावे. वरून तेलाचा ओघळ आला असेल आणि त्यावर धूळ चिकटून काळा लेप बसला असेल तर ते गळते आहे. दुसरी म्हणजे उसळी. गाडीच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोराने दाबा आणि सोडून द्या. कोपरा वर येऊन बसला पाहिजे. तो दोनतीनदा वरखाली झाला तर शॉकअप गेला. मात्र या परीक्षेत अगदीच कामातून गेलेला शॉकअप सापडतो; अर्धवट थकलेला सापडेलच असे नाही. तिसरी गोष्ट आवाजाची. काच खाली करून, गाणी बंद करून, खडबडीत गल्लीतून सावकाश चालवा. बारीक खड्ड्यांवर खट्खट् असा सुटा आवाज आला तर लिंक रॉड किंवा रबरी बुश यांची तपासणी हवी. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना करकर ऐकू आली तर स्ट्रटच्या वरच्या टोकाचे बेअरिंग पाहावे. पूर्ण वळणावर गाडी चालू असताना कट्कट् वाजते ते बहुधा सस्पेन्शनचे नसून चाक फिरवणाऱ्या अ‍ॅक्सलच्या सांध्याचे असते. आवाज केव्हा येतो हे मिस्त्रीला नेमके सांगितले की निम्मे काम होते.

चौथी परीक्षा गॅरेजातच करवून घ्यावी. चाक उचलून, वर आणि खाली धरून हलवले आणि ते डुलले, तर व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट ढिला आहे. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर डुलले तर बहुधा स्टेअरिंगच्या टाय रॉडचे टोक झिजले आहे. ही ढिलाई तुम्हाला समोर दाखवायला सांगा. ती डोळ्यांना दिसते. बॉल जॉइंट निखळला तर चालत्या गाडीचे चाक लुळे पडते, म्हणून येथे ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणू नये. आणि एक ताकीद. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही डोके घालू नये, मग तो घरचा हौशी मुलगा असो की यजमान.

आता अलाइनमेंट. तीन शब्द लक्षात ठेवा: टो, कॅम्बर आणि कॅस्टर. वरून पाहिले तर पुढच्या दोन चाकांची तोंडे एकमेकांकडे वळलेली आहेत की बाहेर फाकलेली, हा झाला टो. कोणी पावले आत टाकून चालते, कोणी फाकवून, तसेच. समोरून पाहिले तर चाक उभे आहे की आत-बाहेर कललेले, हा कॅम्बर. आणि सायकलचा पुढचा चिमटा जसा तिरपा असतो तसा स्टेअरिंगचा अक्ष बाजूने तिरपा असतो, तो कॅस्टर. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ होऊ पाहते ते मुख्यतः त्याच्यामुळे.

यांतील टो सर्वांत लवकर बिघडतो आणि पैसाही सर्वांत जास्त तोच खातो. त्याचे माप अंशांत आणि मिनिटांत देतात. ६० मिनिटांचा १ अंश. समजा, एक चाक योग्य दिशेपेक्षा १५ मिनिटे, म्हणजे पाव अंश वाकडे आहे. डोळ्याला तर हे दिसतच नाही. पण भूमितीच्या हिशेबाने ते चाक दर किलोमीटरला सुमारे ४.४ मीटर आडवे घासते. १०,००० किलोमीटरांत हे घासणे ४४ किलोमीटरांच्या घरात जाते. नवा टायर किसणीवर धरल्यासारखाच हा प्रकार.

चपलेची टाच पाहून चाल कळते, तशी टायर पाहून गाडीची. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग चांगला, तर हवा कमी राहिली. मधलाच भाग झिजला तर हवा जास्त. एकच कड झिजली तर कॅम्बर किंवा टो बिघडलेला. हात आडवा फिरवला असता एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने धारदार लागले तर टो. (तार बाहेर आलेली नाही हे आधी पाहून मगच हात लावा.) जागोजागी वाट्यांसारखे खळगे पडले असतील तर शॉकअप पाहावा. आपल्याच एका सभासद बाईंचे टायर बाहेरून नव्यासारखे दिसत होते. दुसऱ्या दिवशी त्या मुलांना घेऊन कोकणात उतरणार होत्या. पंक्चर काढण्यासाठी चाक उतरवले तेव्हा आतल्या कडेची तार उघडी पडलेली दिसली. म्हणून महिन्यातून एकदा स्टेअरिंग पूर्ण वळवून ठेवावे आणि आतली कडही पाहावी. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल राहिली की तो टायर नियमाने बाद होतो. तेवढ्या उंचीच्या खुणा खाचांमध्येच असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बदलावा.

गाडी एका बाजूला ओढते म्हणून लगेच अलाइनमेंटला धावू नका. आधी चारही चाकांची हवा पाहा. आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून कडेला उतरते असतात, त्यामुळे डावीकडे किंचित झुकणे स्वाभाविक आहे. फक्त ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल तर दोष ब्रेकचा. आणि ठराविक वेगाला स्टेअरिंग थरथरत असेल तर बहुधा बॅलन्सिंग हवे; ते काम निराळे आणि त्याचे पैसेही निराळे.

अलाइनमेंट करणाऱ्याने आधी हवा सारखी करावी, सांध्यांची ढिलाई तपासावी, स्टेअरिंग सरळ धरून पक्के करावे आणि मगच माप घ्यावे. बुश झिजलेला असताना केलेले अलाइनमेंट टिकत नाही. लंगडणाऱ्याला नवे जोडे घालून त्याची चाल सुधारत नाही. टो दुरुस्त करताना टाय रॉडचा चेकनट सैल करून रॉड फिरवतात आणि चेकनट पुन्हा आवळतात. हे दोन्ही बाजूंनी नीट सांभाळून केले नाही तर गाडी सरळ जाते, पण स्टेअरिंग वाकडे राहते. पुष्कळ लहान गाड्यांत पुढचा टो तेवढाच बदलता येतो. तेव्हा कॅम्बर मापाबाहेर आला तर काहीतरी वाकले आहे असे समजावे आणि ते शोधायला सांगावे. यंत्रातून निघणारा आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही कागद मागून घ्या आणि गाडीच्या पुस्तकात जपून ठेवा. पुढच्या वेळी ‘सगळे बदलावे लागेल, ताई’ असे कोणी म्हणाले तर तेच कागद आपल्या वतीने बोलतील.

दर १०,००० किलोमीटरांच्या आसपास माप घ्यावे, आणि मोठ्या खड्ड्यात चाक आपटले तर त्याआधीही; गाडीबरोबरच्या पुस्तकात निराळा आकडा दिला असेल तर तो मानावा. स्कूटरवाल्या भगिनींनी पुढच्या चिमट्याच्या नळीवरची तेलाची ओल आणि टायरची हवा एवढे तरी नियमाने पाहावे.

मैत्रिणींनो, दूध उतू जाण्याआधी आपल्याला त्याचा आवाज कळतो, कारण आपले कान तेथे असतात. गाडीही बिघडण्याआधी बहुधा काहीतरी सांगत असते. तिकडेही थोडा कान द्यावा, आणि गॅरेजात बाकावर न बसता गाडीजवळ उभे राहून विचारावे, “कोणता भाग ढिला आहे, दाखवा पाहू.” चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही. ज्याला येईल, त्याच्याकडे गाडी पुन्हा न्यावी की नाही, हे तुम्हीच ठरवा.