२२ अक्षरांचा शोध



या अधिवेशनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे. अध्यक्षाने आपल्या शास्त्राचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. आज मात्र मी एकाच रेणवीय जीवशास्त्रज्ञाच्या कामाविषयी बोलणार आहे. ते शास्त्रज्ञ म्हणजे व्हिक्टर ॲम्ब्रोस. जनुकांच्या नियंत्रणाविषयीची आपली समज गेल्या तीस वर्षांत कशी पालटली, हे त्यांच्या कामात दिसते. आणि संशोधनाला आपण कसे वागवावे, हेही त्यातून शिकता येते.

१९८०च्या दशकात ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकन एमआयटीमध्ये रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत होते. अभ्यासाला घेतला होता जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा सूत्रकृमी, सी. एलेगन्स. कोणत्या पेशीने केव्हा काय व्हायचे, ही वेळ कोण ठरवते, एवढाच त्यांचा प्रश्न. लिन-४ हे जनुक बिघडलेला कृमी वाढीच्या पहिल्या टप्प्यातलीच कामे पुन्हा पुन्हा करत राहतो. अंडी बाहेर टाकण्याचा मार्गच त्याच्या शरीरात तयार होत नाही. लिन-१४ हे दुसरे जनुक निकामी झाले तर नेमके उलटे घडते, पुढची कामे वेळेआधीच उरकली जातात. लिन-४ हे लिन-१४ला आवर घालते, इथपर्यंत उलगडा झाला. कसे, ते कळेना.

पुढे ॲम्ब्रोस हार्वर्डला गेले. तिथे रोझलिंड ली आणि रॉन्डा फाइनबॉम या सहकाऱ्यांसह त्यांनी लिन-४चा माग काढायला सुरुवात केली. शोध सुमारे ७०० अक्षरांच्या डीएनए तुकड्यापर्यंत येऊन ठेपला. तो तुकडा बिघडलेल्या कृमीत घातला की कृमी सुधारत असे. जनुक म्हटले की त्याचे प्रथिन असणार, या समजुतीने प्रथिनाची संहिता शोधली गेली. संशयित संहितेची वाचनचौकट मुद्दाम मोडली, तरी तुकड्याचा गुण कायम राहिला. याचा सरळ अर्थ, इथे प्रथिन नव्हतेच. हाती आले ते दोन चिमुकले आरएनए, एक सुमारे ६१ अक्षरांचा आणि दुसरा अवघ्या २२ अक्षरांचा.

जून १९९२मध्ये ॲम्ब्रोस आणि रुव्हकन यांच्या स्वतंत्र प्रयोगशाळांनी आपापल्या अक्षरमाला एकमेकांना कळवल्या. ॲम्ब्रोस यांच्याकडे लिन-४, रुव्हकन यांच्याकडे लिन-१४. लिन-१४च्या संदेशवाहक आरएनएच्या शेपटाकडच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या भागात लिन-४शी जोडी जमवणाऱ्या जागा होत्या, त्याही एक नव्हे, अनेक. हा छोटा आरएनए त्या जागांवर बसतो आणि संदेशाचे प्रथिनात रूपांतर होऊ देत नाही, हे उलगडले. १९९३मध्ये दोघांचे लेख 'सेल' नियतकालिकाच्या एकाच अंकात आले.

त्यानंतर काय झाले? फारसे काहीच नाही. ही त्या कृमीची खासियत असावी, असे बहुतेकांनी मानले. २०००मध्ये रुव्हकन यांच्या प्रयोगशाळेला लेट-७ हा दुसरा छोटा आरएनए सापडला, आणि तो माशीपासून माणसापर्यंत जसाच्या तसा आढळला. २००१मध्ये ॲम्ब्रोस यांच्यासह तीन गटांनी असे डझनावारी आरएनए जाहीर केले. मायक्रोआरएनए हे नाव तेव्हापासून रूढ झाले. आज माणसात त्यांची हजाराहून अधिक जनुके नोंदली आहेत.

दरम्यान १९९८मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी त्याच कृमीत स्नायूच्या एका जनुकाशी जुळणारा आरएनए टोचला. एकेरी धाग्यांचा परिणाम नगण्य होता. दुपदरी आरएनए टोचताच कृमी थरथरू लागले, ते जनुक बिघडल्यावर थरथरतात तसेच. जनुक गप्प झाले होते. पुढे दोन्ही वाटा पेशीतल्या एकाच यंत्रणेपाशी येऊन मिळाल्या. डायसर हे विकर आरएनएचे छोटे तुकडे करते आणि अर्गोनॉट हे प्रथिन, हातात फोटो घेऊन गर्दीत माणूस शोधावा तसे, त्यातला एक धागा घेऊन जुळणारा संदेश हुडकते. जुळणी तंतोतंत असेल तर संदेश कापला जातो. अर्धीमुर्धी असेल तर तो दाबला जातो. फायर आणि मेलो यांना २००६मध्ये नोबेल मिळाले, ॲम्ब्रोस आणि रुव्हकन यांना २०२४मध्ये. २०१८मध्ये पॅटिसिरान हे दुपदरी आरएनएने जनुक गप्प करण्याच्या तत्त्वावरचे पहिले औषध मान्य झाले. यकृतात तयार होणारे सदोष प्रथिन मज्जातंतूंत साचून होणाऱ्या एका आनुवंशिक आजारावर ते दिले जाते.

मित्रहो, १९८०च्या दशकात एखाद्या समितीने ॲम्ब्रोस यांना विचारले असते की या कृमीचा रुग्णांना काय उपयोग, तर प्रामाणिक उत्तर 'सांगता येत नाही' हेच असते. अनुदान समित्यांवर आपल्यापैकी अनेकजण बसतात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, उपयोग जरूर विचारा, पण प्रश्न पक्का आहे का, हे आधी विचारा. मार्गदर्शकांना सांगणे आहे की, विद्यार्थ्याचा निकाल पाठ्यपुस्तकाशी जुळला नाही तर प्रयोग चुकला असे लगेच म्हणू नका. तो पुन्हा करून घ्या, आणि तरीही जुळला नाही तर पाठ्यपुस्तकाला प्रश्न विचारा. आणि तरुण मित्रांनो, प्रसिद्धीआधी दुसऱ्या प्रयोगशाळेला आपली अक्षरमाला दाखवायला धीर लागतो. ते दोघे तसे वागले, म्हणूनच अर्धे-अर्धे कोडे पुरे झाले.

म्हणून या अधिवेशनापुढे मी एक ठराव ठेवतो. पुढच्या वर्षापासून एक सत्र केवळ न जुळलेल्या, न उलगडलेल्या निकालांसाठी राखून ठेवावे. तिथे विद्यार्थ्यांनी बोलावे आणि ज्येष्ठांनी ऐकावे. आपण तो एकमताने संमत कराल, असा मला विश्वास आहे.