कामासमोर तिचं नाव



 

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ 1882 साली निघालं. पुढे ते विस्मृतीत गेलं, आणि स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये ते पुन्हा छापलं तेव्हा कुठे आपल्या हाती आलं. छापलेल्या पुस्तकाची ही गत, तर जिनं मोर्चात पायपीट केली, पण स्वतः एक अक्षर लिहिलं नाही, तिचं काय झालं असेल?

20 जुलै 1942 रोजी नागपुरात दलित वर्गातल्या स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व बंद व्हावं, गिरणीत राबणाऱ्या बायकांना हक्काची रजा मिळावी, असे ठराव तिथे झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या परिषदेला हजर होते. एवढी मोठी घटना, पण आपल्या स्त्रीमुक्तीच्या इतिहासात तिला बरीच वर्षं ओळभर जागा नव्हती. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून घरोघर गेल्या, म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्यांसमोर बसल्या, त्यांचं बोलणं उतरवून घेतलं, आणि 1989 मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आलं. मराठी साहित्यानं स्त्री चळवळीसाठी केलेल्या कामांत मी हे काम फार वरचं मानते. त्या दोघी गेल्या नसत्या, तर ती पिढी आपलं सगळं सोबत घेऊन निघून गेली असती.

चळवळीनं जिथे जिथे काही पक्कं मिळवलं, तिथे बाईचं नाव सरकारी कागदावर चढलेलं दिसतं. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांचं नाव मस्टरवर आलं. पुढे रोजगार हमीच्या कायद्यानं बाईला पुरुषाइतक्याच दराची मजुरी मान्य केली. 1986 मध्ये चांदवडला शेतकरी बायकांचा प्रचंड मेळा जमला आणि त्यानंतरच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत गावोगावच्या शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. संगमनेरला 1988 मध्ये परित्यक्ता स्त्रिया उघडपणे एकत्र आल्या, नवऱ्यानं टाकलं म्हणून तोंड लपवायचं नाही असं ठरवून. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर आईचं नाव वडिलांच्या आधी येतं. यातलं काहीही आपोआप झालेलं नाही.

आणि आता मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट सांगते. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादम नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतो. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हातात पडते, हिशेब त्याच्याशीच होतो. ती पहाटे अंधारात उठून भाकरी थापते, फडात ऊस तोडते, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरते, आणि तिच्या नावानं रुपयाचीही नोंद होत नाही. पाळीत दुखलं, अंगावरून गेलं, तरी खाडा करायची सोय नाही, कारण खाड्याला दंड आहे. 2019 मध्ये बीड जिल्ह्यात सरकारी पाहणी झाली, तेव्हा ऊसतोड करणाऱ्या 82 हजारांहून अधिक बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कित्येकींनी तिशी-पस्तिशीही ओलांडलेली नव्हती. हे आपल्या राज्यात, आपल्या डोळ्यांदेखत झालं.

आज बाईच्या खात्यात थेट पैसे जमा करणाऱ्या योजना आल्या आहेत. ते पैसे तिला मिळावेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण लाभार्थींची यादी म्हणजे संघटना नव्हे. यादीत तिचं नाव दुसरा कुणी घालतो आणि दुसरा कुणी काढू शकतो. हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाला त्याची दखल घेऊन राज्यभर परिपत्रक काढावं लागलं. गावात बसून, चर्चा करून, हात वर करून घेतलेल्या निर्णयात हे बळ असतं. पुढची चळवळ मला तिथेच दिसते: ग्रामसभेत, महिला सभेत, बचत गटाच्या बैठकीत. वसुलीचा हिशेब संपल्यावर तिथे मजुरीचा आणि मारहाणीचा विषय निघाला पाहिजे.

म्हणून या संमेलनानं दोन ठराव करावेत, अशी माझी सूचना आहे. ऊसतोड करणाऱ्या प्रत्येक बाईची स्वतंत्र नोंदणी व्हावी आणि तिच्या वाट्याची उचल व मजुरी तिच्याच नावावर जमा व्हावी, हा पहिला. दुसरा आपल्या सगळ्यांसाठी: पट्टा पडून, म्हणजे तोडीचा हंगाम संपून, टोळ्या गावी परततील, तेव्हा इथल्या लेखकांनी दोघादोघांनी वाड्यांवर जावं, त्या बायकांच्या मुलाखती त्यांच्याच बोलीत उतरवाव्यात, त्यांना मान्य असेल तर नावानिशी, आणि पुढच्या संमेलनाआधी त्या छापून त्यांच्या हाती द्याव्यात. ज्यांना जायचं आहे त्यांनी या सत्रानंतर व्यासपीठाजवळच्या टेबलावर नाव नोंदवावं. पहिलं नाव मी माझं लिहिते आहे.