स्वस्त दराचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने गटारावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण किंमत म्हणजे काय, हे वर्गात जन्मभर शिकवूनही मला जे उमगले नाही, ते गेल्या वर्षी आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत उमगले. तुंबलेली ड्रेनेज लाईन आणि मैलाटाकी साफ करण्यासाठी तीन कंत्राटदारांचे दर आले होते. सर्वांत कमी दर पहिल्याच्या निम्म्याहूनही खाली होता. सभेने तो दोन मिनिटांत मंजूर केला. हात वर करणाऱ्यांत मीही होतो.

महाग दरात जेटिंग यंत्राचे आणि मैला शोषून घेणाऱ्या टँकरचे भाडे धरले होते. स्वस्त दरात होती दोन माणसे, एक दोर आणि बादली. दुसऱ्या दिवशी एक तरुण चेंबरच्या तोंडाशी कपडे उतरवताना दिसला, तेव्हा हा फरक मला कळला. काम मी थांबवायला लावले खरे. पण त्याला तिथवर आणण्यात माझे मत होतेच.

तुंबलेल्या मैल्यात हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचतात. पहिल्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, एवढे आपण शाळेत शिकलो. शाळेने न सांगितलेली गोष्ट अशी, की प्रमाण वाढले म्हणजे तो घ्राणेंद्रियच बधिर करतो. वास येईनासा झाला की उतरणाऱ्याला धोका टळल्यासारखे वाटते, आणि नेमका तेव्हाच तो सर्वाधिक असू शकतो. हवेपेक्षा जड असल्याने हा वायू तळाशी राहतो आणि गाळ ढवळला की उसळतो. एक कोसळला म्हणून दुसरा उतरतो, आणि तोही वर येत नाही. डिसेंबर 2019 मध्ये मुंबईत गोवंडी येथे एका खाजगी इमारतीच्या मैलाटाकीत तीन कामगार मेले. त्यांच्या विधवांना प्रत्येकी 10 लाखांची भरपाई शासनाने द्यावी व ती जबाबदार व्यक्तींकडून वसूल करावी, असे 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले.

कायदा नाही म्हणावे, तर तसेही नाही. 2013 च्या कायद्याने गटार व मैलाटाकीची 'धोकादायक सफाई' करवून घेण्यास बंदी केली. पहिल्या गुन्ह्यालाच दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही बंदी केवळ नगरपालिकेला नव्हे, कोणाही व्यक्तीला आहे. म्हणजे आमच्या सोसायटीलाही होती. मात्र व्याख्येत पळवाट आहे. संरक्षक साधनांशिवाय करवलेली सफाई तेवढी धोकादायक! मग कंत्राटदार हातमोजे आणि कापडी मुखपट्टी आणतो, आणि कागद स्वच्छ राहतो. कापडाने वायू अडत नाही, हे सांगायला रसायनशास्त्रज्ञ लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई 2014 मध्ये 10 लाख ठरवली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये 30 लाखांवर नेली. हे योग्यच झाले. पण ही रक्कम आधी सरकारी तिजोरीतून जाते आणि सोसायटीच्या किंवा हॉटेलच्या मंजूर दरात ती कुठेच दिसत नाही. म्हणून यंत्र महाग वाटते आणि माणूस स्वस्त. हा माणूस बहुतेक वेळा दलित जातींतलाच का असतो, याचे उत्तर मागणी-पुरवठ्याच्या आलेखात मिळत नाही. तो आलेख मी तीस वर्षे फळ्यावर काढला!

गल्ली अरुंद, गाडी येत नाही, ही तक्रार काही ठिकाणी खरी आहे. तिथे लहान गाड्या आणि वरून चालवायच्या सळ्या वापरता येतात. केरळमधील तरुण अभियंत्यांनी मॅनहोलमध्ये उतरणारा यंत्रमानवही बनवला आहे. आणि उपाहारगृहांनी तेलाचे ओशट पाणी थेट गटारात न सोडता सापळ्यात अडवले, तर निम्मी कटकट उद्भवणारच नाही, असे मला वाटते.

कंत्राटी कामगारांच्या 1970 च्या कायद्यात 'मूळ मालक' अशी एक कल्पना होती. आपल्यापैकी अनेकांनी कारखान्याच्या फाटकावर तिच्या आधारे भांडणे केली आहेत. घरी आलो की मात्र आपण केवळ सभासद असतो. तुमच्या सोसायटीत कंत्राट निघेल तेव्हा एवढे विचारा: यंत्र कोणते, आणि माणूस आत उतरणार नाही असे लेखी देता का?

आमच्याकडे मी हेच विचारले. नवा दर दुपटीहून अधिक आला. वर्गणी वाढणार म्हणून सभेत गलका झाला; माझ्याच पक्षाला मत देणारे एक गृहस्थ सर्वांत मोठ्याने बोलले. ठराव सात मतांनी संमत झाला.