बाटलीवर मत, वेळेवर नाही

(वसंत व्याख्यानमाला, पारनेर)

मंडळी, पारनेरात उभं राहून दारूच्या वेळांवर बोलणं म्हणजे धाडसच. इथे मुळात दारूच नको म्हणणारी गावं आहेत. 1975 नंतर राळेगणसिद्धीत अण्णा हजाऱ्यांनी भट्ट्या बंद करवल्या. 2016 साली निघोजच्या बायकांनी मतदानाने बाटली आडवी केली. पण आता सुप्याच्या एमआयडीसीत रात्रपाळ्या चालतात, पुणे महामार्ग रात्रभर वाहतो आणि ‘पुण्यात दीडपर्यंत चालतं, मग आम्हीच लवकर का आवरायचं?’ असा सवाल कानावर येतो. सवाल गैर नाही, उत्तर द्यायला हवं.

वेळ वाढवा म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं, की बंद व्हायची वेळ आली की लोक घाईघाईने पितात आणि सगळे एकदम रस्त्यावर येतात. वेळ सैल केली तर पांगत जातील. इंग्लंडने नोव्हेंबर 2005 मध्ये याच हिशेबाने बंधन सैल केलं. एकूण गुन्हे काही भडकले नाहीत, हे कबूल. पण पहाटे तीन ते सहामधले हिंसाचाराचे गंभीर गुन्हे वाढले. नॉर्वेतल्या 18 शहरांच्या अभ्यासात तर एक तास वाढला की रात्रीच्या मारहाणी सुमारे 16 टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या.

उलटा दाखला ब्राझीलचा. साओ पावलोजवळचं दियादेमा हे कारखान्यांचं शहर, खुनांसाठी बदनाम. जुलै 2002 पासून तिथले बार रात्री अकराला बंद होऊ लागले आणि पालिकेने ते खरोखर बंद करवले. महिन्याला सरासरी नऊच्या आसपास खून कमी झाले.

‘खरोखर बंद’ यावर माझा भर आहे. आपल्याकडची खरी वेळ परवान्यावर कुठे असते? शटर अर्धं खाली, पाटीचा दिवा बंद, आणि मागच्या दाराने काळ्या पिशवीत क्वार्टर बाहेर येते. आत वेटर पोरगा टेबलं पुसत ‘शेवटचा पेग’ संपायची वाट बघतो. त्याच्या जादा तासांचा हिशेब कुणी मांडत नाही.

सरकारलाही धोका ठाऊक आहे. 2017 च्या कायद्याने दुकानं चोवीस तास उघडी ठेवायला मुभा दिली, पण परमिट रूम आणि बिअर बार त्यातून वगळले. जानेवारी 2020 मध्ये मुंबईत रात्रभर हॉटेलं उघडी ठेवायचं ठरलं, तेव्हाही बारची वेळ दीडच राहिली. 31 डिसेंबरला मात्र पहाटे पाचपर्यंत सूट! त्या रात्री जोखीम सुट्टीवर जाते की काय, कोण जाणे.

आता माझा मुद्दा. राज्य सरकारच्या 2008 च्या आदेशानुसार गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. पण मतपत्रिकेवर चित्रं दोनच, उभी आणि आडवी. ‘राहू दे, पण रात्री दहाला बंद कर’ असं म्हणायची सोयच नाही. पूर्ण बंदी नको आणि मध्यरात्रीचा धिंगाणाही नको, अशा गावाने कुठे जायचं? वेळ ठरते मुंबईत, आणि दारुड्याला दार उघडावं लागतं सुप्यातल्या बाईला.

तेव्हा 1 मेच्या ग्रामसभेत एवढा एकच ठराव मांडा: दारूच्या दुकानांच्या वेळेवरही महिलांना मतदानाचा हक्क द्यावा. आज तो कुणावर बंधनकारक नसेल, पण लेखी करा, सह्या घ्या आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा.