सिस्टरचे नाव



आपल्या वारणानगरच्या या रात्रवर्गात आज आम्हांला चार शब्द बोलायला सांगितले आहे. आम्ही पडलो शाळामास्तर. सारा जन्म खडूच्या धुळीत गेला. दवाखान्यातले आम्हांला काय कळणार? पण गेल्या पौषात आमच्या घरावर एक प्रसंग आला. तोच सांगतो. त्यात आमची चूक आहे. तीही झाकून ठेवत नाही.

आमची धाकटी लेक पहिलटकरीण. सातव्या महिन्यात ती माहेरी आली. पायांवर सूज, तोंडावर सूज. अंगठीसुद्धा बोटातून निघेना. शेजारणी म्हणाल्या, "पोटुशी बाईचे पाय सुजायचेच." आम्हीही मान डोलावली. ती म्हणे, "दादा, डोकं लई दुखतंय." आम्ही म्हणालो, "रात्रभर मोबाईल बघतेस, दुखणारच." चाळीस वर्षे मास्तरकी केलेला माणूस असे बोलला, हे ध्यानात घ्या.

दुसऱ्या दिवशी उपकेंद्राच्या नर्सबाई घरी आल्या. त्यांनी लेकीच्या नडगीवर अंगठा दाबला. तिथे खळगा पडला, आणि तो लवकर भरून येईना. मग दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला. 160 वर 110 निघाला. धडधाकट माणसाचा तो 120 वर 80 च्या आसपास असतो. गरोदर बाईचा 140 वर 90 झाला की सावध व्हायचे असते. बाईंनी लघवी तपासली. तीत प्रथिने जात होती. त्यांनी तिच्या कार्डावर एक लाल खूण चिकटवली. ज्या बाईचे बाळंतपण जोखमीचे, तिच्या कार्डावर अशी खूण लावतात. म्हणजे पुढच्या माणसाला विचारत बसावे लागत नाही.

ती लाल खूण बघून आमचे डोके फिरले. आम्ही आयुष्यभर लाल शाईने नापासाचे शेरे मारले ना! आम्ही म्हणालो, "तुम्ही लोक उगाच भीती घालता. उद्या जावई येतील, मग बघू."

बाई चिडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "गुरुजी, उद्यापर्यंत झटके आले तर आई आणि बाळ, दोघांच्याही जिवावर बेतेल. मी इथनं हलत न्हाई." त्यांनीच 108 नंबरला फोन लावला. गाडी आली. बाई आमच्या लेकीचा हात धरून गाडीत बसल्या. उसाचा हंगाम होता. वाठारपर्यंत दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर पुढे. गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती. आम्ही मागच्या बाकावर गप्प बसून होतो. बोलायला तोंड राहिले नव्हते.

कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासले आणि औषधे लिहून दिली. डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण डॉक्टर येऊन गेल्यावर रात्रभर जागे कोण असते? ते आम्ही त्या रात्री पाहिले.

झटके येऊ नयेत म्हणून एक इंजेक्शन देतात. मॅग्नेशियम सल्फेट त्याचे नाव. औषध गुणाचे, पण अंगात जास्त झाले तर श्वासच मंद होतो. म्हणून ते देताना पहारा करावा लागतो. सिस्टर दर तासाला यायच्या. गुडघ्याखाली हलकेच ठोकून पाय उडतो का बघायच्या. घड्याळ धरून श्वास मोजायच्या. मिनिटाला सोळाच्या खाली जाता कामा नये. लघवी किती झाली ते मापाने बघायच्या. सगळे कागदावर लिहायच्या. औषध जास्त झालेच तर त्यावर उतारा म्हणून दुसरे इंजेक्शन उशाशी तयार ठेवले होते. खोलीत अशा जोखमीच्या आणखी चार-पाच जणी होत्या. सिस्टरची एक फेरी संपे तोवर दुसरीची वेळ होई. पहाटे तीनला आम्ही दारातून डोकावलो. सिस्टर उभ्या उभ्याच चहा पीत होत्या. अर्धा कप तसाच ठेवून त्या पुन्हा निघाल्या. तो चहा निवून गेला.

बाळाची फुप्फुसे अजून कोवळी होती. ती पक्की व्हावीत म्हणून आईला दोन दिवस वेगळी इंजेक्शने दिली. तिसऱ्या दिवशी रक्तदाब आवरेना, तेव्हा पोट चिरून बाळाला बाहेर काढले. मुलगी झाली. तेहतीस आठवड्यांची, वजन 1 किलो 700 ग्रॅम. आमच्या ओंजळीत मावली असती.

मग बाळांच्या खोलीतल्या सिस्टर. त्यांनी लेकीला आधी दूध काढायला आणि वाटीने थेंब थेंब पाजायला शिकवले. मग बाळाला नुसत्या लंगोटावर तिच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवले आणि वरून लुगडे बांधले. कांगारू नावाचा प्राणी पिल्लाला पोटाच्या पिशवीत वागवतो, तशी ही तऱ्हा. कोलंबिया नावाच्या देशात 1978 साली ती सुरू झाली. तिथे काचेच्या पेट्या कमी पडल्या, तेव्हा आईच्या उबेवर बाळे जगवली. आमची लेक पहिल्यांदा घाबरली, रडली. सिस्टर म्हणाल्या, "रड की. पण बाळाला धरून रड." लेक हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

घरी सोडायच्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या एका म्हातारीने आम्हांला विचारले, "गुर्जी, त्या रातच्या सिस्टरच्या छातीवर पट्टी हाय बघा. तिच्यावर नाव लिवलंय म्हनं. काय नाव वो तिचं? मला वाचाया येत न्हाई."

मंडळी, आम्हांला सांगता येईना. आम्ही तीन आठवडे ती पट्टी पाहिली होती. डॉक्टरांचे नाव आडनावासकट पाठ होते. पण सिस्टरचे नाव आम्ही वाचलेच नव्हते. "सिस्टर, इकडं या," "सिस्टर, सलाईन संपलं," एवढेच त्यांना म्हटले होते. म्हातारीला अक्षर येत नव्हते, पण नाव विचारायचे तिला सुचले. आम्हांला अक्षर येत होते.

नावावरून एक नाव आठवले. अंजली कुलथे. मुंबईच्या कामा रुग्णालयातल्या या परिचारिका. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री हातात बंदुका घेतलेले अतिरेकी त्या दवाखान्यात शिरले. कुलथेबाईंच्या खोलीत वीस गरोदर बाया होत्या. बाईंनी दारे लावली, दिवे घालवले आणि साऱ्या जणींना एका लहान खोलीत नेऊन बसवले. बाहेर गोळ्या आणि स्फोट. तशात रक्तदाबाचा त्रास असलेल्या एकीला कळा सुरू झाल्या. आमच्या लेकीसारखीच जोखमीची बाई. डॉक्टरांना यायला वाट नव्हती. कुलथेबाई तिला घेऊन अंधारात भिंत चाचपत, जिना चढून बाळंतपणाच्या खोलीत गेल्या. तिथे ती सुखरूप बाळंत झाली. पुढे 2022 च्या डिसेंबरात कुलथेबाईंनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे ही हकीकत सांगितली. जगातल्या मोठमोठ्या देशांचे वकील ऐकत होते, आणि बोलत होती महाराष्ट्रातली एक सिस्टर!

आता आमचे राहिलेले सांगतो. घरी आल्यावर आधी उपकेंद्रात गेलो. नर्सबाईंना म्हणालो, "त्या दिवशी आम्ही वाईट बोललो." त्या म्हणाल्या, "गुरुजी, असं बोलणारे तुम्ही पहिले न्हाई." एवढे बोलून त्यांनी पुढच्या बाईच्या दंडाला पट्टा बांधला.

मग 12 मे आला. हा परिचारिकांचा दिवस. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या थोर परिचारिकेचा तो जन्मदिवस. 1820 सालचा जन्म. त्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन आम्ही आणि आमची कारभारीण कोल्हापूरला गेलो. रात्रपाळी सुरू व्हायची वाट बघत जिन्यावर बसलो. सिस्टर आल्या. आम्ही चष्मा लावला आणि प्रथम ती पट्टी वाचली. मग त्यांना नावाने हाक मारली. त्या दचकून थांबल्या. हे नाव इथे छापू का, म्हणून आम्ही नंतर विचारले. त्या "नको" म्हणाल्या. म्हणून छापत नाही. पण आमच्या घरी ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आम्ही त्यांच्या ओळखीत नव्हतो. ओळखणार तरी कशा? आमच्यासारखे कितीजण येतात आणि जातात. पेढे पुढे केले, बोलायचे ठरवून आणले होते, ते बोलायला तोंड उघडले. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पुडा तिकडं टेबलावर ठेवा हो. तेहतीस आठवड्यांची मुलगी ना तुमची? आता वजन किती भरलं, ते सांगा आधी."

कारभारीण म्हणाली, "साडेचार किलो."

सिस्टरने पिशवीतून पेन काढले आणि त्या आत गेल्या.